गोदूबायला दिसत नाय

गोदूबायला दिसत नव्हतं ही गोष्ट खरी होती, पण चार वर्षंच. पाचव्या वर्षी तिला इतकं लख्ख दिसायला लागलं की समोरच्या टेपाडावर चढणारी बकरी कोणाच्या गोठ्यातली, हे ती ओटीवर बसल्या बसल्या शेपटीवरून सांगू शकली असती. तिनं सांगितलं नाही. उलट बकरीकडं तोंड करून विचारलं, "कोण गो येतंय? धोंडीबाई का?"

शेजारची धोंडीबाई त्या वेळी ओटीच्या बाजूच्या परसात उभी राहून गोदूबायच्याच मिरच्या ओट्यात भरत होती. ती लगबगीनं म्हणाली, "नाय गो बाय, बकरी हाय." गोदूबायनं मान डोलावली. किती मिरच्या गेल्या आणि त्यातल्या लाल किती, हे तिला ठाऊक होतं.

शेणवे गावाच्या वरच्या अंगाला, डांबर संपून पायवाट लागते तिथं हा पाडा. पंचवीस-तीस घरं, खाली भाताची खाचरं, वर वरकस जमिनीत नाचणी-वरी. गोदूबायनं सत्तरी ओलांडली असावी. उभ्या जन्मात तिची दोन गोष्टींसाठी ख्याती होती, जीभ आणि नजर. जिभेविषयी पाड्यात कोणी फारसं बोलत नाही, ज्याला लागली तो अजून चोळतो आहे. नजरेचं मात्र सगळे कौतुकानं सांगत. तिनं निवडलेल्या तांदळात खडा लागला असं कधी झालं नाही. पाड्यातल्या पोरी केस सोडून तिच्याच पुढ्यात बसत, कारण तिच्या नखातून ऊच काय, लीखसुद्धा सुटत नसे.

मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. आधी लिखा सुटायला लागल्या, मग उवा, मग पोरीच कोण ती ओळखू येईना. सून रुपालीनं एक दिवस तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि गोदूबाय ओटीवरच्या खांबाला टेकून बसली. पहिलं वर्ष तिला ते फार लागलं. दुसऱ्या वर्षी तिच्या ध्यानात आलं की बसल्या जागी चहा येतो. तिसऱ्या वर्षी भरल्या लावणीत, अख्खा पाडा चिखलात वाकलेला असताना, ती कोरड्या घोंगडीवर बसून पाऊस कसा पडतोय ते कानानं ऐकत होती, आणि तिला वाटलं, देवानं काही वाईट केलं नाही.

वाईट केलं ते नातीनं. कुणाली ही गोदूबायच्या मुलाची, हरेशची थोरली पोर. कल्याणला एका डोळ्यांच्या दवाखान्यात ती चष्म्याचे नंबर काढायच्या कामाला होती. पहाटे बाप तिला मोटारसायकलवरून आटगाव स्टेशनात सोडायचा आणि दिवसभर ती परक्या माणसांच्या डोळ्यांत बॅटरी मारायची. तिथं असताना आपल्या आजीनं अंधारात बसावं, हे तिला सोसेना. तिथले डॉक्टर तेव्हा एका नव्या तऱ्हेचं भिंग बसवून माणसांना पुढं कसं कसं दिसतं ते कागदावर टिपून घेत होते. नेहमीच्या भिंगानं लांबचं दिसतं, जवळच्याला चष्मा लागतो. ह्या भिंगानं लांबचं, मधलं आणि जवळचं अशी तिन्ही अंतरं दिसायची. कुणालीनं हट्टच धरला. ती डॉक्टरला म्हणाली, माझ्या आजीला चष्मा दिला तर ती तो म्हशीला घालेल, तिला हेच भिंग पाहिजे.

ऑपरेशनाच्या आधी तिनं आजीला समजावून सांगितलं. त्या भिंगावर एकात एक अशी कडी असतात, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. काही कड्यांतून लांबचं दिसतं, काहींतून जवळचं. सगळी चित्रं एकदमच डोळ्यात येतात आणि त्यातलं कुठलं बघायचं ते डोकं हळूहळू शिकतं. तोवर रात्री दिव्याभोवती गोल कडी दिसतील, त्याला भ्यायचं नाही. गोदूबायनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे डोळ्यात कणगी बसवणार?" कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची टोपली, एकावर एक वेढे देऊन विणलेली. कुणाली म्हणाली, तसंच समज.

दिवाळीच्या आगेमागे, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन्ही डोळे झाले.

पट्टी निघाली तेव्हा गोदूबाय खोटं बोलली नाही. पहिले काही दिवस सगळं खरंच पाण्यातून बघितल्यासारखं होतं. पण एका सकाळी ती ओटीवर येऊन बसली आणि खांबावरची मुंग्यांची रांग तिला दिसली. एकेक मुंगी वेगळी. एकीच्या तोंडात साखरेचा कण. ती आनंदानं हाक मारणार, तेवढ्यात दारातून रुपाली आली. तिच्या हातात वरीचं सूप होतं, चांगलं शिगोशीग भरलेलं.

"आत्या, आता दिसतं ना? एवढी वरी निवडा जरा."

गोदूबायनं सुपात पाहिलं. खडे दिसले, काड्या दिसल्या, एका मेलेल्या किड्याचा पाय दिसला. वरीचा दाणा केवढा बारीक असतो आणि एक सूप संपल्यावर दुसरं येतं, हेही तिला फार लांबपर्यंत दिसलं.

"नाय गो," ती म्हणाली. "सगळं धुकट हाय."

वरीचं सूप परत गेलं. थोड्या वेळानं चहा आला.

एवढ्यावर थांबली असती तर गोष्ट वेगळी. पण दिसणाऱ्या माणसाला जग जे दाखवत नाही ते आंधळ्याला बिनधास्त दाखवतं, हे तिला आठवड्याभरात कळलं आणि मग तिला त्याची चटकच लागली. हरेशनं म्हशाच्या जत्रेत देवापुढं तंबाखू सोडली होती. तो आता आईसमोरच डाव्या खिशातली पुडी काढून चुना चोळायचा आणि तोंडात बार असताना आईशी देवाधर्माच्या गोष्टी बोलायचा. सुक्या बोंबलाचे जाड तुकडे चुलीपाशीच संपतात आणि ताटात त्यांची पोरंबाळं येतात, हेही तिनं पाहिलं. सगळ्यांचं सगळं बघायचं आणि संध्याकाळी गोधडीत पडून एकटीनं हसायचं, अशी करमणूक तिला जन्मात मिळाली नव्हती.

आणि खोट्याला टेकू द्यायला एक खरं होतंच. दिवा लागला की त्याच्याभोवती खरोखरीच कडी दिसायची, एकाबाहेर एक. ती रोज तिन्हीसांजेला बल्बाकडं बोट करून त्या कड्यांची तक्रार करायची, आणि त्यात काहीच खोटं नसल्यामुळं तिचा आवाज फार खरा लागायचा.

महिन्याभरानं कुणाली तिला तपासणीला घेऊन गेली. न शिकलेल्या माणसांसाठी तिथं भिंतीवर तीन दातांच्या फण्या काढलेल्या असतात, काही मोठ्या, काही बारीक. फणीचे दात कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं. वर, खाली, डावीकडं का उजवीकडं. गोदूबायला शेवटच्या ओळीतले दातसुद्धा मोजता येत होते. तिनं प्रत्येक फणी चुकीची दाखवली. वीस फण्या, वीस चुका. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, मग तिच्याकडं बघून गालात हसले. ते हसणं तिनं पाहिलं. पण दिसत नसलेल्या बाईनं, का हसलात म्हणून विचारायचं कसं? ते तिच्या मनात कुसळासारखं रुतून राहिलं.

डॉक्टर कुणालीला म्हणाले, तीन महिने होऊ देत. तोवर सुधारलं नाही तर हे भिंग काढून साधं बसवावं लागेल. कुणालीचं तोंड एवढंसं झालं. हट्ट तिचा होता. दवाखान्यातली सगळी माणसं तिला रोज विचारायची, आजीचं कसं आहे. त्या दिवशी घरी आल्यावर आजीच्या डोळ्यांत थेंब घालताना ती म्हणाली, "आजे, माझंच चुकलं." गोदूबायला वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेणं आणि वरी निवडणं ह्यातलं तिनं पुन्हा वाईट वाटून घेणंच पत्करलं.

अशात कुणालीला स्थळ आलं. किन्हवलीच्या बारकूनं आणलं. बारकू सोयरिकी जुळवणारा माणूस, त्याच्या तोंडात नेहमी गूळ आणि पायात नेहमी वहाणा, केव्हा निघावं लागेल सांगता येत नाही म्हणून. मुलगा मुरबाडच्या पलीकडं टोकावड्याच्या रस्त्याला, नाव सुरज, बाप धर्मा, मुलाची मुरबाडला कंपनीत कायम नोकरी. मुलगा एकदा येऊन पोरीला बघून गेला होता. कुणालीला विचारलं तर ती म्हणाली, "नापसंत नाय." तिच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे ढोल वाजल्यासारखंच होतं. पण ती पुढं बापाला म्हणाली, "त्यांच्या घरी जाल तेव्हा कणगी नि बैलं बघत बसू नका. कंपनीचं ओळखपत्र बघून या."

मुलाचं घर बघायला मुलगी जात नाही. जाते ती भावकी. आणि घर पसंत पडलं की तिथंच, मुलीकडच्या सगळ्यांत वयस्क माणसाच्या हातून ताटातली सुपारी फोडायची, हा त्यांच्यातला रिवाज. सुपारी फुटली की शब्द गेला, मग माघार नाही. त्यामुळं दिसत नसलं तरी गोदूबायला न्यावंच लागलं. माघातला रविवार ठरला. बुधवारी तिची तीन महिन्यांची तपासणी होती.

ईको गाडी केली. पुढच्या सीटवर गोदूबाय, मागं हरेश, रुपाली, गोदूबायचा धाकटा भाऊ नामा आणि भावकीतले दोघं. किन्हवली, सरळगाव करत निघाले. वाटेत नामानं बहिणीला दया म्हणून बाहेर काय काय दिसतंय ते सांगितलं आणि निम्मं चुकीचं सांगितलं. तो ज्याला चिंच म्हणाला तो मोह होता. गोदूबायनं जीभ चावून धरली.

धर्माचं घर नीट होतं. नव्यानं सारवलेलं अंगण, पत्र्याची पडवी. पाणी झालं आणि बारकू सगळ्यांना विहीर, गोठा, पाठीमागचं परस दाखवायला घेऊन गेला. रुपालीला बायका आत घेऊन गेल्या. गोदूबायला पडवीत खुर्चीवर ठेवली, पाटा-वरवंटा ठेवावा तशी.

तिथून तिला घराखालचं शेत दिसत होतं. भेंडी. हिरव्यागार सरळ ओळी, मधून काळे पाण्याचे पाइप. इतकी जोमदार भेंडी तिनं आयुष्यात पाहिली नव्हती. त्या ओळींतून एक तरणा पोर, कुणालीला बघून गेलेला तोच, डोक्यावर भरलेला क्रेट घेऊन पळत वर येत होता, गुडघ्यापर्यंत चिखल. बारकू परसातून वळसा घेऊन पुढं आला आणि त्यानं त्या पोराला दबक्या आवाजात चांगला झापला. पोरानं क्रेट पडवीत सरकवला, त्यावर ताडपत्री ओढली, हंड्यातल्या पाण्यानं पाय धुतले. बारकूनं दोरीवरचा निळा सदरा त्याच्या अंगावर चढवला. सदऱ्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. मग स्वतःच्या खिशातून पट्टीला अडकवलेलं एक कार्ड काढून त्यानं पोराच्या गळ्यात घातलं. हे सगळं गोदूबायच्या डोळ्यांपुढं, चार हातांवर. आंधळीपासून काय लपवायचं?

फक्त एक गोष्ट घडली. क्रेट सरकत तिच्या पायांवर आला तेव्हा तो टेकायच्या आधीच गोदूबायनं पाय वर घेतले. बारकूच्या ध्यानात आलं नाही. पोरानं मात्र मान वळवून तिच्याकडं पाहिलं. गोदूबाय आभाळाकडं बघायला लागली.

थोड्या वेळानं सगळे सतरंजीवर बसले. बारकू म्हणाला, सुरज आत्ताच कंपनीतून आलाय, रविवारचंपण काम असतं, मोठी कंपनी. हरेशनं, पोरीनं सांगितलंय म्हणून, ओळखपत्र मागितलं. सुरजनं गळ्यातलं काढून दिलं.

आता ह्या जागी एक सांगायला पाहिजे. हरेश अठ्ठेचाळीसचा, नामा सहासष्टचा, भावकीतले दोघं मधले. ह्या वयात माणसाला जवळचं दिसत नाही. चष्मे सगळ्यांना होते आणि सगळ्यांचे घरी होते, कारण सोयरीक जुळवायला जाताना चष्मा लावून म्हातारं कोण दिसणार? हरेशनं कार्ड हातभर लांब धरलं, मग मान मागं घेऊन आणखी लांब धरलं आणि म्हणाला, "बरोबर हाय." भावकीतल्या दोघांनी ते उन्हाकडं धरलं आणि तेच म्हणाले. नामानं आधी नाकाला लावलं, मग ढोपरावर ठेवलं, मग म्हणाला, "फोटू झ्याक हाय." आणि हसत हसत त्यानं ते बहिणीच्या मांडीवर टाकलं. "बग गो बाय, तुझा नातजावई."

सगळे हसले. गोदूबायनं खाली पाहिलं. वीतभर अंतरावर, काल काढल्यासारखा स्वच्छ फोटो. गोल गुबगुबीत तोंड, कान सुपाएवढे, हनुवटीवर वाटाण्याएवढा तीळ. अक्षरं तिला येत नव्हती, पण तोंड वाचायला शाळा कशाला लागते? समोर बसलेल्या पोराचे गाल बसलेले होते आणि हनुवटी कोरी होती.

त्या बैठकीत सगळ्यांत बारीक बघू शकणारे दोन डोळे तिचेच होते, आणि त्यांना दिसत नाही असं तिनंच तीन महिने सांगितलं होतं.

तिनं कार्ड परत दिलं आणि म्हणाली, "मला जरा परसात जायचंय. ह्या पोराला हात धरू दे. आमच्यातलं कोण नको." माणसांना ते गोड वाटलं. सुरजनं तिचा हात धरला आणि गोठ्याच्या आडोशाला नेलं. तिथं गोदूबायनं त्याचा हात उलटा करून बघितला. बोटांची टोकं काळपटलेली, चिरलेली, भेंडीच्या लवेनं टोचून टोचून बारीक ठिपके उठलेले.

"तीळ कुठं ठेवलास रे?" तिनं विचारलं.

पोराचा हात हनुवटीवर गेला. मग हळूच म्हणालं, "आजी, तुमाला दिसतंय तं."

"मला नाय दिसत. आमच्या पाड्यात कोणालापण इचार."

"मंग मघाशी पाय कसं काढलंव?"

गोदूबायनं त्याच्याकडं नीट पाहिलं. एवढ्या दिवसांत तिला पकडणारा हा पहिलाच. ती म्हणाली, "माझं र्‍हाऊ दे. तुझं सांग."

मग त्यानं सांगितलं. कार्ड चुलत भावाचं. आपण कंपनीत एक दिवस गेलो नाही. दीड एकर भेंडी, एक दिवसाआड टेम्पो भरून वाशीच्या बाजारात जातो. आधी तीन स्थळं आली. भेंडी म्हटलं की माणसं चहासुद्धा निम्मा ठेवून उठायची, सगळ्यांना कंपनीवाला पाहिजे. बारकूनं युक्ती काढली. "मला खोटं बोलायचं नव्हतं," तो म्हणाला, "पण तुमची नात मला बरी वाटली."

"मंग आता?"

"आता तुमी माझं सांगू नका, मी तुमचं सांगत नाय."

गोदूबायला पोरगं तिथंच आवडलं. खरी अडचण तीच झाली. नालायक असता तर सोपं होतं.

तिनं गोठ्याच्या भिंतीला टेकून विचार केला. गप्प बसावं तर तिची घोंगडी, तिचा चहा, सगळं जिथल्या तिथं. पण ताटातली सुपारी तिच्याच हातानं फुटायची होती. कुणाली दिवसभर माणसांच्या डोळ्यांत बघणारी पोर, लग्नानंतर आठ दिवसांत नवऱ्याचं खोटं पकडील, आणि मग विचारील, आजे, सुपारी फोडताना तुला दिसत नव्हतं का? ह्या प्रश्नाला धुकट हाय म्हणून भागणार नव्हतं.

"सुपारी फुटायच्या आत तू बोल," ती म्हणाली.

"आणि तुमी?"

"मी म्हातारी हाय."

"मंग मीपण कंपनीत हाय," पोरगं म्हणालं आणि तिचा हात धरून तिला सावकाश, एकेक दगड चुकवत, आंधळीला न्यावं तशी घेऊन आलं.

तोवर ताट मांडून झालं होतं. हळदकुंकू, तांदूळ, मधोमध सुपारी, बाजूला अडकित्ता. बारकू घाईवर आला होता. तो हरेशला म्हणाला, आईच्या हाताला हात लावा, त्यांना दिसत नाही, बोट कातरायचं. हरेश पुढं सरकला.

गोदूबायनं त्याचा हात बाजूला केला. ताटातल्या सुपारीला ती शिवली नाही. कमरेची चंची सोडून तिनं स्वतःची एक सुपारी काढली, अडकित्त्यात धरली आणि कातरायला लागली. आधी दोन भाग, मग चार, मग एकेका भागाच्या चकत्या, मग चकत्यांचे तुकडे, सुईसारखे, एकासारखा एक. अडकित्त्याचा तेवढा करकर आवाज. शेवटी तिनं त्या ढिगातलं एक किडकं खांड, मोहरीच्या दाण्याएवढं, नखानं उचललं, उजेडाकडं धरून बघितलं आणि अंगणात फेकून दिलं.

"आत्या," रुपाली म्हणाली.

"व्हय. दिसतंय. दिवाळीपासनं दिसतंय." गोदूबायनं सुपारीचा ढीग ताटाच्या कडेला ठेवला. "हे माझं झालं. ताटातली तशीच र्‍हाऊ दे. आता ह्या पोराला काय बोलायचं असंल तं बोलू दे."

सुरजनं गळ्यातलं कार्ड काढलं आणि ताटात ठेवलं. "हा मी नाय," तो म्हणाला. "माझी भेंडी हाय."

पुढची पंधरा मिनिटं कोण कोणाला काय बोललं त्याला काही ठिकाण नव्हतं. धर्मा हात जोडून उभा राहिला. हरेशची तर पंचाईतच झाली. आईवर आधी चिडावं का मुलावर, हे ठरेना. दोघांकडं आळीपाळीनं बघत त्यानं मोठा आवाज काढला तेव्हा गोदूबाय म्हणाली, "डाव्या खिशातली पुडी काढ, बार भर आणि गप बस." हरेश गप बसला. रुपालीनं घाईघाईनं मागचे तीन महिने आठवून बघितले आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बारकू गाडी बघून येतो म्हणून उठला. गाडी जिथल्या तिथं होती, पण बारकू पुन्हा दिसला नाही. वहाणा पायातच होत्या.

गोदूबाय धर्माला म्हणाली, "आलोच हाव तं शेत दाखव. खोट्याची कार्डं बघून झाली, खऱ्याची भेंडी बघू." ती ओळींतून सगळ्यांच्या पुढं चालली. माव्याची कीड कुठल्या पानाखाली लागलीय ते तिनं दोनदा वाकून सुरजला दाखवलं. निघताना न फुटलेली सुपारी तिनं चंचीत टाकली.

घरी कुणालीनं सगळं ऐकून घेतलं. मुलाबद्दल ती चकार शब्दही बोलली नाही. आजीशी मात्र दोन दिवस अबोला धरला. बुधवारी कल्याणला नेलं तेही तोंड फिरवून. डॉक्टरांनी पुन्हा फण्या दाखवल्या. गोदूबायनं शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्या बरोबर दाखवल्या. मग तिनं दोन महिने मनात रुतलेलं विचारून टाकलं, त्या दिवशी हसलात का?

डॉक्टर म्हणाले, "आजी, खरंच दिसत नसलं की माणूस अंदाजानं हात दाखवतो. चार दिशा असतात, विसातल्या चार-पाच आपोआप बरोबर येतात. तुमच्या वीसच्या वीस चुकल्या. एवढं चुकायला फार चांगलं दिसावं लागतं."

"मंग तेव्हाच का नाय बोललाव?"

"मला वाटलं, तुमचं काहीतरी काम चाललं असेल."

कुणालीला तिथं हसू फुटलं आणि अबोला मोडला. डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. त्यावर ठरलेले प्रश्न होते, पेपर वाचता येतो का, गाडी चालवता येते का. कुणालीनं ते आजीच्या भाषेत विचारले. जवळचं कसं? सुपारीचं किडकं खांड दिसलं. मधलं? चार हातांवर बारकू दिसला. लांबचं? पडवीतून भेंडी. दिव्याची कडी? गोदूबाय जरा थांबली. "हायत अजून. पण पातळ झाल्यात. आता त्यांच्याशिवाय दिवा नागडा वाटंल." डॉक्टरांनी कागदावर खूण केली. कुठल्या रकान्यात, ते त्यांनाच ठाऊक.

संध्याकाळी कुणालीनं स्वतःच सुरजला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "एक फोटो पाठवा. तुमचा स्वतःचा." थोड्या वेळानं फोटो आला. भेंडीच्या ओळीत उभा, डोक्यावर क्रेट, गुडघ्यापर्यंत चिखल. कुणालीनं तो बोटांनी मोठा केला आणि आजीच्या नाकाशी धरला. गोदूबायनं हनुवटी बघितली, कान बघितले, बोटं बघितली. मग चंचीतली ती सुपारी काढून नातीच्या हातावर ठेवली. कुणालीनं ती बराच वेळ फिरवून बघितली आणि परत दिली. "फोड," ती म्हणाली.

वैशाखात लग्न झालं. घरात मात्र भेंडी बघून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच सुपं सुरू झाली होती. आधी वरी, मग नाचणी, मग उडीद, आणि लग्नाच्या जेवणाचा अख्खा तांदूळ रुपालीनं सासूच्याच पुढ्यात आणून ओतला. गोदूबाय पाच दिवस निवडत होती. धोंडीबाई मदतीला यायची. पण येताना आता ती स्वतःच्या परसातल्या मिरच्या आणायची.

पंगतीत बारकूही आला. ही सोयरीक आपण जुळवली म्हणून पहिल्या पंक्तीला, मधोमध बसला. त्याच्या पत्रावळीवर भात वाढायला गोदूबाय आपण होऊन उठली. दुसऱ्याच घासाला बारकूच्या दाढेखाली कडकन वाजलं, शेजारच्यांनाही ऐकू गेलं. त्यानं गाल धरला आणि बोटांनी तो खडा काढून तिच्यापुढं केला. चांगला हरभऱ्याएवढा होता.

गोदूबायनं तो तळहातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"आता काय करायचं बाबा," ती म्हणाली. "मला दिसत नाय."